कोड पुसला तरी चेक इंजिन लाइट परत येतो: जुन्या गाडीत पी०१७१ आणि पी०४२० यांचं मूळ कसं शोधायचं

प्रश्न थोडक्यात असा: वीसेक वर्षं जुनी, १.६ लिटरची पेट्रोल गाडी, १,८०,००० किलोमीटर झालेले. चेक इंजिन लाइट लागतो, स्कॅनरवर पी०१७१ (मिश्रण ‘लीन’, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी) आणि पी०४२० (कन्व्हर्टरचं काम अपुरं) हे दोन कोड दिसतात. स्पार्क प्लग नवे घातले, पुढचा ऑक्सिजन सेन्सरही नवा घातला. कोड पुसला की तीन-चार दिवस लाइट बंद राहतो आणि मग पुन्हा लागतो. गाडी चालते व्यवस्थित, फक्त सकाळी थंड असताना आयडलिंग थोडं थरथरतं. आता कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टमधला विषारी धूर साफ करणारा भाग, बदलायला सांगितलं आहे. बदलावा का?

आत्ता बदलू नका. कन्व्हर्टर खरंच गेलेला असू शकतो, पण ते ठरवण्याची वेळ अजून आलेली नाही. पी०१७१ आधी सोडवायचा आणि पी०४२० कडे त्यानंतर बघायचं, कारण मिश्रण बिघडलेलं असताना कन्व्हर्टरची परीक्षा घेण्यात काही अर्थ नसतो. उलट क्रमाने गेलात तर नवा कन्व्हर्टर त्याच बिघडलेल्या मिश्रणावर चालेल आणि तोही लवकर खराब होईल.

मुळात कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, गाडी चालू असताना ठराविक चाचण्या घेत असतो, त्यातली कोणती चाचणी नापास झाली एवढंच कोड सांगतो. पी०१७१ चा अर्थ असा: पुढच्या ऑक्सिजन सेन्सरला सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूत ऑक्सिजन जास्त दिसतोय, म्हणून ईसीयू पेट्रोल वाढवत गेला, आणि वाढवण्याची मर्यादा संपली. त्यात सेन्सर खराब आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. बहुतेक वेळा सेन्सर खरं तेच सांगत असतो. तुमच्या गाडीत तो नवा घालूनही कोड परत आला, यावरून जुना सेन्सर बहुधा निर्दोष होता. तो फेकला नसेल तर जपून ठेवा.

पुढे काहीही करण्याआधी कोड पुसणं थांबवा. बॅटरीची वायरही काढू नका. कोड पुसला की त्यासोबत तीन उपयोगाच्या गोष्टी जातात: फ्रीझ फ्रेम, ईसीयूने शिकलेली लाँग टर्म फ्युएल ट्रिम (पेट्रोल किती टक्के वाढवलं किंवा घटवलं तो आकडा), आणि तयार झालेले मॉनिटर (ईसीयूच्या पूर्ण झालेल्या चाचण्यांची नोंद). तीन-चार दिवस लाइट बंद राहतो त्याचं कारणही यातच आहे. पुसल्यावर ईसीयू ट्रिम शून्यावरून शिकायला लागतो, आणि पी०१७१ सारखे बरेच कोड लागोपाठ दोन फेऱ्यांत (इंजिन सुरू करून, गाडी चालवून बंद करेपर्यंत एक फेरी) तोच दोष दिसल्याशिवाय लाइट लावत नाहीत. पहिल्या फेरीत दोष दिसला तर तो ‘पेंडिंग’ म्हणून नोंदला जातो. त्यामुळे लाइट बंद असतानाही पेंडिंग कोड वाचता येतो.

फ्रीझ फ्रेम म्हणजे कोड नोंदला गेला त्या क्षणाचा फोटो समजा: आरपीएम, गाडीचा वेग, कूलंटचं तापमान, इंजिनवरचा लोड, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म ट्रिम. हे आकडे कागदावर लिहून घ्या. वेग शून्य, आरपीएम ७५०, कूलंट ८८ अंश असेल तर दोष आयडलिंगला पकडला गेला. वेग ९० आणि लोड ७० टक्के असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी आहे. एवढ्या एका फरकावरून निम्मे संशयित गळतात. साधा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइलवरचं अ‍ॅपही या कामाला पुरतं, फक्त त्यात फ्रीझ फ्रेम आणि लाइव्ह डेटा दिसायला हवा. नुसते कोड वाचणारं आणि पुसणारं यंत्र इथे उपयोगाचं नाही.

आता मुख्य काम, फ्युएल ट्रिम. शॉर्ट टर्म ट्रिम क्षणाक्षणाला बदलते, लाँग टर्म ही त्यातून शिकलेली सवय असते. दोन्हींची बेरीज धरायची. निरोगी इंजिनात ही बेरीज शून्याच्या आसपास, साधारण ५ टक्के अधिक-उणे असते. १० पर्यंत चालून जातं. लाँग टर्म २० ते २५ च्या घरात गेली की बहुतेक गाड्या पी०१७१ लावतात, नेमका आकडा गाडीगणिक बदलतो. इंजिन पूर्ण गरम करा, एसी आणि दिवे बंद ठेवा आणि तीन ठिकाणी आकडे घ्या: आयडलिंगला दोन मिनिटं, गाडी उभी ठेवून २५०० आरपीएमवर दोन मिनिटं, आणि रस्त्यावर चढावर किंवा जोरात पिकअप घेताना. रस्त्यावरचे आकडे शेजारी बसलेल्या माणसाने वाचावेत.

आयडलिंगला बेरीज +२२ आणि २५०० आरपीएमला +५ असेल तर इंजिन कुठून तरी चोरून हवा खेचतंय. कारण साध्या हिशोबात आहे. १.६ लिटरचं इंजिन आयडलिंगला सेकंदाला सुमारे २ ग्रॅम हवा घेतं. फाटलेल्या होजमधून ०.४ ग्रॅम न मोजलेली हवा आत आली तर ती २० टक्के होते. २५०० आरपीएमला इंजिन ८-९ ग्रॅम हवा घेतं, तेव्हा तीच गळती ५ टक्क्यांच्या आत बसते. याउलट आयडलिंगला ट्रिम ठीक आणि लोडवर चढत जात असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा एअर फ्लो सेन्सर हवा कमी मोजतोय. तिन्ही ठिकाणी सारखीच चढलेली असेल तर पेट्रोलचा दाब कायमचा कमी असणं, इंजेक्टर चोंदणं किंवा पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट लीक असणं यांचा संशय घ्यायचा.

इथे एक अट आहे, आणि ती सर्रास विसरली जाते. वरचा हिशोब एमएएफ, म्हणजे हवेचं वजन मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीचा आहे. एअर फिल्टरच्या डब्यानंतर पाइपात वायर जोडलेला सेन्सर दिसला तर तो बहुधा एमएएफ. काही जुन्या गाड्यांत तो नसतो आणि इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपांमधला, दाब मोजणारा एमएपी सेन्सर असतो. त्या गाडीत चोरटी हवा आली की मॅनिफोल्डमधला दाब वाढतो, सेन्सरला तो दिसतो, ईसीयू त्या प्रमाणात पेट्रोलही वाढवतो. ट्रिम फारशी चढत नाही, आयडलिंग मात्र वर जातं किंवा आयडल व्हॉल्व्ह जवळजवळ बंद स्थितीत दिसतो. त्यामुळे एमएपीवाल्या गाडीत पी०१७१ आला तर पेट्रोलचा दाब आणि एक्झॉस्ट लीक हे संशयित यादीत वर येतात.

तुम्ही सांगितलेल्या लक्षणावरून, म्हणजे थंड असताना थरथर आणि गरम झाल्यावर ठीक, माझा पहिला संशय हवेच्या गळतीवर आहे. थंडीत रबर आणि पॅकिंग आकसतं आणि फट उघडते. इंजिन तापलं की फट बरीचशी मिटते. वीस वर्षांच्या गाडीत रबराचा एकही पाइप संशयाबाहेर ठेवू नका. शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत. एमएएफ आणि थ्रॉटल बॉडी यांच्यामधल्या घडीदार रबरी पाइपाची खालची बाजू, घड्यांच्या आत: हात लावून घड्या उघडून बघा, वरून चीर दिसत नाही. पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधली वाफ मॅनिफोल्डमध्ये सोडणारा) आणि त्याची होज: ही तेलाच्या वाफेने मऊ पडते आणि खालच्या वळणावर बसते किंवा फाटते. ब्रेक बूस्टरची होज. मॅनिफोल्डवरच्या छोट्या नळ्यांची रबरी टोपणं. इंजेक्टरच्या खालच्या ओ-रिंग. इनटेक मॅनिफोल्डचं पॅकिंग. पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या कॅनिस्टरचा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकला असेल तर तोही. तेलाचं झाकण आणि डिपस्टिकची रिंगही तपासा, कारण क्रँककेस पीसीव्हीमार्गे मॅनिफोल्डला जोडलेली असते आणि तिथून शिरणारी हवाही न मोजलेलीच असते.

हे शोधण्याचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे स्मोक टेस्ट. इंजिन बंद आणि थंड, एअर फिल्टरकडची बाजू बंद करून मॅनिफोल्डच्या एका नळीतून अगदी कमी दाबाने, १ पीएसआयच्या आतच, धूर सोडायचा आणि टॉर्च घेऊन बघायचं. धूर जिथून निघेल तिथे फट. दाब जास्त देऊ नका, जुनी सील त्यानेच उडतात. यंत्र नसेल तर इंजिन चालू ठेवून संशयित जागी साध्या पाण्याचा बारीक फवारा मारता येतो: पाणी फट क्षणभर बुजवतं आणि आयडलिंगचा आवाज बदलतो, शॉर्ट टर्म ट्रिम झटकन खाली येते. फवारा कॉइल, कनेक्टर आणि तापलेल्या एक्झॉस्टपासून लांब ठेवा. कार्बोरेटर क्लीनर फवारून शोधण्याची पद्धत सर्रास वापरली जाते, पण ते ज्वालाग्राही आहे. तापलेल्या एक्झॉस्टवर किंवा ठिणगी गळणाऱ्या प्लग वायरवर पडलं तर आग लागते. मी ती पद्धत सुचवत नाही.

आणखी एक सोपी चाचणी. इंजिन आयडलिंगला ठेवून पक्कडीने एकेक रबरी होज हलकेच चिमटायची आणि ट्रिमकडे बघायचं. पक्कडीच्या दातांखाली कापड ठेवा. ब्रेक बूस्टरची होज चिमटल्यावर ट्रिम +२० वरून +६ वर आली तर गळती बूस्टरमध्ये किंवा त्याच्या चेक व्हॉल्व्हच्या पुढे आहे. याच रीतीने पीसीव्ही आणि पर्ज व्हॉल्व्ह वेगळे काढता येतात. होज कडक होऊन कडकड वाजत असेल तर चिमटू नका, ती सरळ बदला.

हवेची गळती सापडली नाही तर एमएएफकडे वळा. त्यातली तापलेली तार धुळीने माखली की ती बहुतेक वेळा कमी हवा असताना थोडी जास्त आणि जास्त हवा असताना कमी मोजते. म्हणून आयडलिंगला ट्रिम उणे आणि लोडवर अधिक दिसली तर तार मळलेली आहे असं समजा. ढोबळ अंदाज असा: गरम आयडलिंगला दर लिटर क्षमतेमागे सेकंदाला १ ग्रॅम किंवा थोडं जास्त, आणि पूर्ण थ्रॉटलवर कमाल शक्तीच्या आरपीएमजवळ दर लिटरमागे ४० ग्रॅमच्या आसपास. १.६ लिटरला ६० ते ६५ यायला हवेत. ४५ वरच अडकला तर सेन्सर मळलेला आहे किंवा हवेची वाट तुंबलेली आहे: एअर फिल्टर आणि कन्व्हर्टर, दोन्ही बाजू बघा. तार साफ करायची ती एमएएफसाठीच मिळणाऱ्या स्प्रेनेच. कापड, कापूस, बोट काहीही लावायचं नाही, आणि पूर्ण सुकल्याशिवाय जोडायचा नाही. तेल लावलेला एअर फिल्टर वापरत असाल तर ते तेलच तारेवर जाऊन बसतं, हे लक्षात ठेवा.

पेट्रोलचा दाब गेज लावूनच मोजायचा, पंपाच्या आवाजावरून अंदाज बांधायचा नाही. रिटर्न लाइन (जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी) असलेल्या गाड्यांत आयडलिंगला साधारण २.५ ते ३ बार असतो आणि दाबाच्या रेग्युलेटरची व्हॅक्युम होज काढली की अर्ध्या बारने चढतो. रिटर्न नसलेल्या गाड्यांत बहुधा ३.५ ते ४ बार. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. आयडलिंगला दाब बरोबर आला म्हणून पंप निर्दोष ठरत नाही: चोंदलेला फिल्टर आयडलिंगचं थोडं पेट्रोल सहज पुरवतो, लोडवर मात्र कमी पडतो. म्हणून गेज लावलेलं असताना लोडवरचा दाब बघावा किंवा पंपाने दिलेलं प्रमाण मोजावं, ३० सेकंदांत अर्धा लिटर हा चालणारा अंदाज आहे. रेग्युलेटरची व्हॅक्युम होज काढल्यावर तिच्यातून पेट्रोलचा थेंब आला तर डायफ्राम फाटला आहे, पण त्याने मिश्रण रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त पडतं, लीन नाही. लाइन उघडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे दाब उतरेल. उघड्या हवेत काम करा आणि अग्निशामक हाताशी ठेवा.

गेज नसेल तर एक आडमार्ग आहे. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल द्या आणि पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज बघा. जुन्या पद्धतीचा झिर्कोनिया सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये डोलतो. पूर्ण थ्रॉटलवर तो ०.८ च्या वर जाऊन तिथेच राहिला पाहिजे. वर जाऊन मध्येच ०.२ पर्यंत कोसळला तर पेट्रोल पुरत नाही. व्होल्टेज असा कोसळताना दिसला तर तशीच गाडी जोरात चालवत राहू नका, लोडवर लीन मिश्रणाने व्हॉल्व्ह आणि पिस्टन तापतात.

नव्या ऑक्सिजन सेन्सरबद्दलही खात्री करून घ्या. तो कंपनीच्या कनेक्टरसह आलेला की वायर जोडून बसवलेला युनिव्हर्सल? अनेक झिर्कोनिया सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरच्या आतल्या फटींतून घेतात. जोड सोल्डरने बुजवला किंवा कनेक्टरमध्ये ग्रीस भरलं तर सेन्सर गुदमरतो आणि व्होल्टेज खाली सरकतो, म्हणजे मिश्रण लीन दिसतं. सेन्सरची चाचणी सोपी आहे: २५०० आरपीएमवर तो दर सेकंदाला किमान एकदा खालीवर जायला हवा, आणि एअर फिल्टरच्या तोंडाशी थोडा प्रोपेन सोडला तर तत्काळ ०.८ च्या वर जायला हवा. गेला तर सेन्सर खरं बोलतोय, लीनचं कारण दुसरीकडे आहे.

यानंतर येतो एक्झॉस्ट लीक, आणि तुमच्या दोन्ही कोडांना एकत्र बांधणारी ही एकच गोष्ट असू शकते. सिलिंडरच्या प्रत्येक स्फोटानंतर एक्झॉस्ट पाइपात दाबाची लाट जाते आणि तिच्या मागे क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली उतरतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडा असेल किंवा पॅकिंग उडालं असेल तर त्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढच्या सेन्सरला हा ऑक्सिजन दिसतो, तो लीन सांगतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो. म्हणजे इंजिन प्रत्यक्षात रिच चालतंय आणि कोड मात्र लीनचा. हे जादा पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळतं आणि त्याला भाजून काढतं. पुढे पी०४२० लागला तर नवल नाही. ओळखण्याची खूण: सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर बॉनेटखालून टिक-टिक आवाज, जो पाच-दहा मिनिटांत धातू प्रसरण पावल्यावर जातो. मॅनिफोल्डच्या जोडावर काळ्या काजळीची रेघ दिसते. प्लग काढून बघा, काळे असतील आणि ट्रिम अधिक असेल तर हेच. घरच्या घरी तपासायचं तर इंजिन पूर्ण थंड असताना व्हॅक्युम क्लीनरची हवा फेकणारी बाजू सायलेन्सरच्या टोकाला कापड गुंडाळून लावा आणि मॅनिफोल्डपासून मागच्या सेन्सरपर्यंतच्या प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी शिंपडा. बुडबुडे जिथे, लीक तिथे.

पी०१७१ चं कारण दूर झालं, ट्रिम १० च्या आत आली, की मग कोड पुसा आणि पी०४२० स्वतःच्या जोरावर परत येतो का ते बघा. ही चाचणी कशी होते ते कळलं की निर्णय सोपा होतो. कन्व्हर्टरमधला सिरियम ऑक्साइडचा थर ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो. त्यामुळे पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज डोलत असला तरी मागच्याचा ०.६-०.७ च्या आसपास स्थिर राहतो. साठवण संपली की मागचा सेन्सर पुढच्याची नक्कल करायला लागतो. इंजिन आणि एक्झॉस्ट पुरेसे तापवून, २५०० आरपीएमवर तीन मिनिटं ठेवून दोन्हींचा आलेख एकाखाली एक बघा. मागचा संथ असेल तर कन्व्हर्टर अजून काम करतोय. तोही ०.१ ते ०.९ मध्ये तितक्याच वेगाने पळत असेल, आणि मागच्या सेन्सरपर्यंत कुठेही लीक नसेल, तर कन्व्हर्टर गेला. पुढे वाइडबँड (मिश्रणाचं नेमकं प्रमाण मोजणारा) सेन्सर असलेल्या गाडीत त्याचा व्होल्टेज असा डोलत नाही, तिथे फक्त मागच्या सेन्सरची चाल बघा. काही मॉडेल्सच्या बाबतीत कंपनीने या चाचणीसाठी ईसीयूचं सॉफ्टवेअर सुधारून दिलेलं असतं, तुमच्या गाडीची तांत्रिक सूचनापत्रकं तपासून घ्या.

पी०४२० आला म्हणून मागचा सेन्सर बदलणं हा जवळपास नेहमीच वाया जाणारा खर्च असतो. सेन्सर म्हातारा झाला की मंद होतो, आणि मंद मागचा सेन्सर कन्व्हर्टरला उलट चांगलं दाखवतो. मागच्या सेन्सरखाली नळीचा तुकडा घालून त्याला वायूपासून लांब नेण्याचा उपायही कुणी सुचवेल. त्याने दोष झाकला जातो, दूर होत नाही, विषारी धूर तसाच सुटत राहतो आणि पुढे कन्व्हर्टर तुंबला तरी ईसीयूला कळत नाही.

कन्व्हर्टर तुंबला आहे का, हे वेगळं तपासावं लागतं. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात दाबाचं गेज लावा. आयडलिंगला सव्वा पीएसआयच्या आत आणि २५०० आरपीएमवर ३ पीएसआयच्या आत दाब असेल तर वाट मोकळी आहे.

ज्यांच्या गाडीत दुसरे कोड आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. लाइट स्थिर नसून लुकलुकत असेल तर इंजिन इतकं मिसिंग करतंय की न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टर जाळू शकतं. थ्रॉटल सोडा, शक्य तितक्या लवकर थांबा. पी०३०१ ते पी०३०४ मध्ये शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी०३०१ असेल तर एक नंबरची कॉइल तीनवर लावा: कोड पी०३०३ झाला तर कॉइल, नाही तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. पी०१२८ (इंजिन पुरेसं तापत नाही) मध्ये बहुधा थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असतो. आधी कूलंटची पातळी बघा. रात्रभर उभ्या गाडीत कूलंट सेन्सर आणि इनटेक हवेचा सेन्सर यांच्यात चार-पाच अंशांपेक्षा जास्त फरक नसेल तर सेन्सर ठीक आहे. पी०४४२ म्हणजे पेट्रोलच्या वाफेच्या यंत्रणेत सुमारे १ मिलिमीटरचं आणि पी०४५६ म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचं भोक: पेट्रोलच्या झाकणाची रिंग, भरण्याच्या नळीचा गंज, कॅनिस्टरच्या होज या क्रमाने जा. पी०१३५ किंवा पी०१४१ असेल तर नवा ऑक्सिजन सेन्सर घेण्याआधी त्याच्या हीटरचा फ्यूज बघा. पी०४०१ मध्ये ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणाऱ्या) व्हॉल्व्हपेक्षा त्याच्या वाटा कार्बनने बंद झालेल्या असण्याचीच शक्यता जास्त.

एकदम चार-पाच असंबद्ध कोड आले तर पार्टकडे न बघता वीजपुरवठ्याकडे बघा. बॅटरी उभ्या गाडीत १२.६ आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.७ व्होल्ट. इंजिन चालू, दिवे आणि पंखा सुरू ठेवून मल्टीमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिनाच्या ब्लॉकवर लावा: ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे. ती काढून घासून पुन्हा घट्ट बसवा. अनेक सेन्सरना एकच ५ व्होल्टची लाइन जाते. एक सेन्सर शॉर्ट झाला की सगळेच खोटं बोलतात. अशा वेळी एकेक कनेक्टर काढत जा, ज्याने ५ व्होल्ट परत आले तो दोषी. वायरची पिन मागून टोचून मोजा, इन्सुलेशनला भोक पाडू नका, त्या भोकातून शिरलेलं पाणी पुढच्या वर्षीचा नवा दोष असतो.

तुमची गाडी ओबीडी-२ च्या, म्हणजे स्कॅनरने कोड वाचण्याच्या प्रमाणित पद्धतीच्या, आधीची असती तर स्कॅनर चाललाच नसता. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून ही पद्धत सक्तीची झाली. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत डायग्नोस्टिक सॉकेटमधल्या दोन पिन वायरने जोडून लाइटची उघडझाप मोजतात. कोणत्या दोन पिन ते मॅन्युअलमध्ये बघितल्याशिवाय जोडू नका, चुकीची पिन जोडली तर ईसीयू जातो. गळती शोधण्याच्या पद्धती त्या गाड्यांनाही लागू आहेत.

दुरुस्ती झाली हे कसं ओळखायचं? लाइट बंद आहे म्हणून नव्हे. स्कॅनरमध्ये रेडिनेस मॉनिटर बघा. कोड पुसल्यावर ते सगळे ‘अपूर्ण’ होतात आणि कन्व्हर्टरचा मॉनिटर पूर्ण होईपर्यंत पी०४२० ची चाचणी झालेलीच नसते. थंड इंजिन सुरू करून पूर्ण तापवा, मग पंधरा-वीस मिनिटं एकसारख्या वेगाने चालवा, मध्ये काही वेळा ब्रेक न लावता नुसता थ्रॉटल सोडून वेग कमी होऊ द्या. पेट्रोलच्या वाफेचा मॉनिटर बहुतेक गाड्यांत टाकी साधारण १५ ते ८५ टक्के भरलेली असतानाच चालतो, म्हणून टाकी काठोकाठ भरून वाट बघू नका. मॉनिटर पूर्ण, पेंडिंग कोड नाही, आणि आयडलिंग व २५०० या दोन्ही ठिकाणी ट्रिम ५-७ च्या आत, असं झालं म्हणजे काम पूर्ण. कोड न पुसता दुरुस्ती केली असेल तर लागोपाठ तीन फेऱ्या पास झाल्यावर लाइट आपोआप जातो आणि कोड ४० वॉर्म-अपनंतर स्मरणातून निघतो.

एवढं होऊन पी०४२० परत आला आणि मागचा सेन्सर पुढच्याची नक्कल करत असेल, तर कन्व्हर्टर बदला. पण बसवण्याआधी दोन गोष्टी मोजा. १००० किलोमीटरला इंजिन किती तेल पितं, आणि कूलंटची पातळी बाहेर गळती न दिसता उतरते का. तेलातला फॉस्फरस आणि कूलंटमधली रसायनं कन्व्हर्टरच्या थरावर बसून त्याला निकामी करतात. हजार किलोमीटरला अर्धा लिटर किंवा जास्त तेल जात असेल तर आधी पीसीव्ही, व्हॉल्व्ह सील आणि पिस्टन रिंग यांचा निकाल लावा, नवा कन्व्हर्टर त्यानंतर.